बाईंनी ओरडणं सोडलं तेव्हा

परळच्या ज्या मराठी शाळेत बाई शिकवायच्या, तिथे त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार होती. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून सांगितलं, "जरा मोठ्याने बोलत जा." बाई मान डोलवायच्या आणि वर्गात जाऊन तितक्याच हळू बोलायच्या. पाचवीची पोरं आपणहून चिडीचूप बसायची, कारण गप्प बसल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही. आणि याच बाई रविवारी दुपारी स्टेजवर चढून माईक हातात घ्यायच्या, तेव्हा पहिल्या आरोळीलाच साउंडवाला कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवायचा.

आमच्या बँडचं नाव होतं गिरमिट. लाकडाला भोक पाडायचं ते हत्यार. आम्ही हार्डकोअर वाजवायचो, म्हणजे ज्यांना पंकसुद्धा सभ्य वाटतं अशा लोकांचं संगीत. गाणं दीड मिनिटाचं, वेग जीवघेणा, आणि गायचं नाही, ओरडायचं. ड्रमवर लालबागचा पक्या, जो गणपतीत ढोल बडवायचा आणि उरलेलं वर्षभर आमची डोकी. बेसवर खोताच्या वाडीतला नेव्हिल, जो दोन गाण्यांमध्ये एकच शब्द बोलायचा आणि तो बहुतेक वेळा "चाय?" असायचा. गिटारवर मी, शिवाजी पार्कच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचा मुलगा. आमच्या घरी या संगीताला 'तो प्रकार' म्हणत. आणि गळा बाईंचा. बाई हे नाव पक्याने पाडलं, कारण त्याची भाची रिया त्यांच्या वर्गात होती. समोर आम्ही त्यांना 'बाई, तू' म्हणायचो, पण माघारी बोलताना मात्र 'बाई आल्या', 'बाई म्हणाल्या' असंच तोंडात यायचं. इथेही तसंच येणार.

भायखळ्याला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचा पोटमाळा आम्ही सरावासाठी घेतला होता. बाई शाळा सुटली की थेट तिथे यायच्या. खांद्याला वह्यांनी फुगलेली पिशवी. मी गिटार जुळवत असेन, नाहीतर पक्या ड्रमचं कातडं ताणत असेल, तेवढ्यात त्या माझ्या गिटारच्या अॅम्पच्या खोक्यावर वह्या ठेवून लाल पेनाने तपासायला लागायच्या. मग पक्याने काड्यांवर चार मोजले की पेनाला टोपण लावून उभ्या राहायच्या आणि असं काही ओरडायच्या की खाली पुठ्ठा कापणारे कामगार जिन्यात येऊन बघायचे. गाणं संपलं की पुन्हा टोपण काढून पुढची वही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं की या बाईत दोन माणसं राहतात. मला कधी तसं वाटलं नाही. एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला कुठे किती आवाज लावायचा हे दुसऱ्या कोणी सांगितलेलं चालत नव्हतं.

"लिहून दाखव" हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही कुणी हवेत बोलायला लागलो की त्या ते फेकायच्या. मी एकदा म्हणालो, "या गाण्यात थोडी अजून एनर्जी पाहिजे यार." बाईंनी वहीचं मागचं पान फाडून माझ्यासमोर धरलं. "एनर्जी म्हणजे काय? लिहून दाखव." मी पाच मिनिटं पेन चावत बसलो. शेवटी लिहिलं, 'दुसऱ्या कडव्यात ड्रम लवकर थांबतात.' बाई म्हणाल्या, "मग हे बोल ना. एनर्जी काय, एनर्जी." पक्या आजही मला भेटला की एनर्जी म्हणूनच हाक मारतो.

आमचा पहिला आल्बम पूर्ण इंग्रजीत होता. अकरा गाणी, आणि वेळ एवढाच की डाळ शिजायच्या आत संपावा. शहरात या संगीताचे चाहते मूठभरच, पण त्या मुठीत आम्ही घट्ट बसलो. काळे टी-शर्ट घातलेली पोरं बाईंच्या आरोळ्या तोंडपाठ म्हणायची. बाईंचे वडील, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, प्रत्येक कार्यक्रमाला कानात कापूस घालून शेवटच्या रांगेत बसत. परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून नोकरी करून ते निवृत्त झालेले; तरुणपणी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर गाणारे. एका कार्यक्रमानंतर त्यांनी कापूस काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाले, "आवाज लय भारी. पण तू कुणाला बोलतीस ते काय कळालं नाय. आमच्या टायमाला ज्याला शिवी द्यायची त्याला कळली पाहिजे, असा नियम होता."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. पुढचे काही आठवडे त्या सरावाला आल्या तरी गाण्यांमध्ये मन नसल्यासारख्या ओरडत राहिल्या.

त्याच वर्षी शाळेच्या आजूबाजूच्या चाळी एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. जागेवर टॉवर येणार होते. कुटुंबं ट्रान्झिट कॅम्पात जायची, कुणी मानखुर्दच्या पलीकडे, कुणी मुंबईच्याच बाहेर. सुरुवातीला आया म्हणायच्या, "बाई, नाव नका काढू, आम्ही बसने पाठवू." चार-आठ दिवस पोरं यायची, झोपाळलेल्या डोळ्यांनी. मग यायची बंद. बाईंच्या वर्गात अर्ध्याहून जास्त बाक मोकळे झाले. नियमाप्रमाणे नावं कमी करायची असतात. बाई रोज सकाळी सगळी नावं घेत राहिल्या, गेलेल्यांचीसुद्धा, आणि उत्तर येईपर्यंत थांबत राहिल्या.

एका संध्याकाळी पोटमाळ्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. लाल पेन काढलं नाही. म्हणाल्या, "नवीन गाणं आहे. मराठीत आहे. ओरडायचं नाहीये."

"मग काय करायचंय?" मी विचारलं.

"हजेरी घ्यायची."

आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. एक नाव. मग थांबायचं. दुसरं नाव. मग थांबायचं. मी नेव्हिलकडे बघून भुवया उडवल्या. सहावं की सातवं नाव आलं, "रिया सावंत." पक्याच्या बहिणीचं बिऱ्हाड दिवाळीच्या आधीच गेलं होतं. पक्या काड्या मांडीवर ठेवून बसला होता. बाई थांबल्या. पोटमाळ्यावर फक्त खालच्या कटिंग मशीनचा आवाज. मग पक्याने काडी उचलली आणि मोठ्या ड्रमवर एकच ठोका मारला. पुढचं नाव, पुढची शांतता, पुढचा ठोका. ते गाणं तिथे तयार झालं. मी त्यात एक सूरही लावला नव्हता.

संपल्यावर मी म्हणालो, "बाई, हे चांगलंय, पण हे हार्डकोअर नाहीये."

"हार्डकोअर म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. "लिहून दाखव."

मी चिडलो. म्हणालो की लोक आपल्याकडे ज्यासाठी येतात ते तू काढून घेतेयस, वेग गेला, राग गेला, आता काय भजनी मंडळ काढायचं का? बाई शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "राग कुठे गेलाय? आधी मी सगळ्यांवर चिडायची. आता कोणावर चिडलेय ते मला माहीत आहे."

माझ्या विरोधामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मी दिवसा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचो. त्यातले काही नकाशे त्याच चाळींच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरचे होते. ती नावं ऐकताना मला माझ्या कॉम्प्युटरवरचे पार्किंगचे चौकोन दिसत होते. संगीताच्या नावाखाली मी स्वतःची बाजू लढवत होतो.

मार्चच्या शेवटी बाईंचा आवाज बसला तो उघडेचना. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, दोन महिने बोलायचं नाही, अगदी कुजबुजायचंसुद्धा नाही. शाळेचे उरलेले दिवस बाईंनी फळ्यावर लिहून शिकवलं. मग मे महिन्याची सुट्टी लागली. त्या मुक्या दोन महिन्यांत त्यांनी उरलेली सगळी गाणी लिहिली. सरावाला येऊन कोपऱ्यात बसायच्या आणि काही पटलं नाही की पाटीवर खडूने लिहून पाटी वर धरायच्या. बहुतेक वेळा त्यावर एकच शब्द असायचा. 'हळू.' मुकी बाई आम्हा तिघांना जेवढं झापायची, तेवढं बोलणाऱ्या बाईने कधी झापलं नव्हतं.

जूनमध्ये आवाज परत आला. डॉक्टर म्हणाले बरा झालाय, जपून वापरा. आणि ऑगस्टमध्ये आम्ही आल्बम रेकॉर्ड केला. सात गाणी, सगळी मराठीत. 'हजेरी' नऊ मिनिटांचं झालं. माझी गिटार आता भिंतीसारखी उभी राहत नव्हती. ती नावांच्या मागून सरपटत यायची आणि मध्येच थबकायची. मला ते वाजवायला अवघड गेलं. जोरात वाजवण्यात माझ्या अर्ध्या चुका लपून जायच्या, हे मला त्या दिवसांत कळलं. रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज वर घेऊ का?" बाई म्हणाल्या, "माझा आहे तिथेच ठेवा. यांचे खाली घ्या."

आल्बमचं नाव त्यांनी ठेवलं 'कच्ची वही'. नेव्हिल, जो कधी काही बोलायचा नाही, तो बोलला, "बाई, लोक म्हणतील यांचं अजून नक्की ठरलेलं नाही."

"नाहीच ठरलेलं," बाई म्हणाल्या. "पक्की वही तपासायला द्यायची असते. शिकायचं ते सगळं कच्च्या वहीत होतं. ज्यांना तपासायचंय त्यांनी लाल पेन घेऊन बसावं."

लोक लाल पेनच घेऊन बसले. आल्बम आला आणि ज्या मुठीत आम्ही होतो ती मूठ उघडली. पोरांनी लिहिलं की गिरमिटची धार गेली. कुणी लिहिलं की बाईंना आता शासकीय पुरस्कार पाहिजे. एकाने आमच्या टी-शर्टला काडी लावतानाचा व्हिडिओ टाकला. पक्याने तो बघून एवढंच विचारलं, "नवीन होता का जुना? नवीन असेल तर भारी कापड होतं रे." पण मी घाबरलो. बँड फुटेल असं मला वाटलं. आणि मी बाईंना न विचारता बँडच्या पानावर चार ओळी टाकल्या. बाईंच्या गळ्याचं गंभीर दुखणं, डॉक्टरांचा सल्ला, म्हणून हा आल्बम वेगळा, कृपया समजून घ्या.

जादू झाल्यासारखे सगळे निवळले. 'गेट वेल सून बाई.' 'रिस्पेक्ट.' ज्याने टी-शर्ट जाळला होता त्यानेही हृदयाचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाई पोटमाळ्यावर आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच बोलल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "ते तू लिहिलंस?"

"हो. अगं, सगळे शांत झाले बघ."

"'हजेरी' मी कधी आणलं?"

"जानेवारीत."

"गळा कधी बसला?"

"मार्चच्या शेवटी."

"पोरं गृहपाठ केला नाही की आईची चिठ्ठी आणतात, पोटात दुखत होतं म्हणून. मी गृहपाठ केलाय. माझा गृहपाठ त्यांना आवडला नाही तर नाही आवडला. पण तू माझ्या वहीला आजारपणाची चिठ्ठी का जोडलीस?" थोडं थांबून म्हणाल्या, "लोकांनी मला शिव्या दिल्या तेव्हा मी बरी होते. आता त्यांना माझी दया येतेय. हे तू केलंस."

मी ते चार ओळींचं निवेदन काढून टाकलं, पण जायचं तिथे ते जाऊन पोचलं होतं.

दोन आठवड्यांनी दादरच्या एका छोट्या सभागृहात रविवारी चार वाजता आमचा कार्यक्रम होता. नव्या आल्बमनंतरचा पहिला. सभागृह भरलं होतं. बाई पंजाबी ड्रेसमध्ये स्टेजवर आल्या, तशा पुढच्या रांगेतून एक पोरगा अगदी मनापासून ओरडला, "बाई, गळा सांभाळा! बसून गायलात तरी चालेल!" टाळ्या पडल्या. प्रेमाच्याच टाळ्या होत्या त्या.

बाईंनी पक्याकडे वळून पहिल्या आल्बममधल्या सगळ्यात वेगवान गाण्याचं नाव सांगितलं. ठरलेल्या यादीत ते नव्हतंच. पक्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हणालो. बाई म्हणाल्या, "मोज." पक्याने चार मोजले.

ती आरोळी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. दीड मिनिट ती बाई एकदाही कुठे कमी पडली नाही. शेवटच्या रांगेत दादांनी कानातला कापूस दोन्ही हातांनी दाबून धरला होता. पुढची पोरं एकमेकांवर आदळायला लागली, कुणाचा तरी चष्मा उडाला. गाणं संपलं. सभागृह वेडं झालं होतं.

बाईंनी हात वर केला. नेहमीच्या, मागच्या बाकापर्यंत न पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे मला येतं. मला हे आता करायचं नाहीये. दोन्हींतला फरक समजून घ्या." आणि वही उघडून पहिलं नाव वाचलं.

माणसं गोंधळली. काही जण उठून गेले, दरवाजा आपटून. चौथ्या नावानंतर मागून कुणीतरी किनऱ्या आवाजात ओरडलं, "प्रेझेंट, बाई!" खसखस पिकली. बाई थांबल्या. पक्याची काडी हवेतच राहिली. बाईंनी त्या दिशेला बघितलं आणि विचारलं, "तुझं नाव घेतलं का मी?"

बाईंनी वहीतल्या त्याच नावावर बोट ठेवलं.

"मग ज्याचं घेतलंय त्याला बोलू दे." आणि त्या थांबून राहिल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझ्या बोटांखाली तारा ओल्या झाल्या होत्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ठोका पडला. मग रियाचं नाव आलं, तेव्हा पक्याचा ठोका किंचित उशिरा पडला, आणि तो उशीर आम्ही पुढे कायम ठेवला. नऊ मिनिटं ते सभागृह बाईंच्या वर्गासारखं बसलं होतं. सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. पण गप्प सगळे बसले.

त्या दीड मिनिटाची किंमत बाईंनी मोजली. गळा पुन्हा सुजला, आठवडाभर फळ्यावर लिहून शिकवावं लागलं. मी त्यांच्या घरी गेलो. दादांनी चहा ठेवला. मी माफी मागितली आणि मग, राहवेना म्हणून, नकाशांचंही सांगून टाकलं. वर म्हणालो, "मी नाही काढले तर दुसरा कोणीतरी काढेल."

बाईंनी पाटी ओढली. खडूने लिहिलं, 'नकाशांचं माहीत होतं.' पुसलं. मग लिहिलं, 'शेवटचं वाक्य माझ्या वर्गात चालत नाही.'

मी ती नोकरी सोडली नाही. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण बाईंना अर्धवट उत्तरं आवडत नाहीत. पण ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि ते बोलता येत नसलं की माणसाला ऑफिसात बऱ्याच बैठकांमध्ये तोंड उघडावं लागतं.

पुढे गंमत झाली. दोन वर्षांत 'कच्ची वही' लोकांची लाडकी झाली. ज्यांनी धार गेली म्हणून लिहिलं होतं, तेच आता नव्या पोरांना सांगायला लागले की गिरमिट खरं तिथे सुरू होतं. कार्यक्रमांत 'हजेरी'ची फर्माईश यायची. लोक ठोक्याच्या जागी एकसुरात टाळी वाजवायला लागले. तिसऱ्या वेळी अशी टाळी पडली तेव्हा मी बाईंचा चेहरा बघितला आणि ओळखलं की आता काहीतरी मोडणार.

त्यांनी मला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बोलावलं. संध्याकाळची पाच-साडेपाचची वेळ, मैदानात नेटमध्ये पोरं खेळत होती. बाईंनी प्रस्तावना केली नाही.

"पुढच्या आल्बममध्ये गिटार नाहीये. हलगी आहे आणि मी. दादा शिकवतायत. पक्या येतोय."

"नेव्हिल?"

"त्याला काल सांगितलं. तो म्हणाला, चाय?"

मला हसू आलं. दहा वर्षं वाजवलं होतं आम्ही एकत्र. मी म्हणालो, "मी अजून हळू वाजवू शकतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू चांगला वाजवतोस. पहिल्यापेक्षा खूप चांगला. तरी नाहीये." त्यांनी नजर वळवली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, पुढे कधीतरी पुन्हा बघू असंही म्हणाल्या नाहीत. मला राग आला. पण नेटमध्ये पडणारे चेंडू बघता बघता मला जाणवलं की एवढ्या सरळपणे मला आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात लालबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाईंचा कार्यक्रम होता. मी तिकीट काढून गेलो, मधल्या रांगेत बसलो. स्टेजवर पक्या, त्याच्या हातात हलगी, आणि बाई. केस बरेच पांढरे झालेत. कुणीतरी "हजेरी!" म्हणून ओरडलं. बाई म्हणाल्या, "नाही," आणि नवीन गाणं सुरू केलं. ते धड बोलणंही नव्हतं, गाणंही नव्हतं. मला त्याला नाव देता येईना.

शेजारी काळा टी-शर्ट घातलेला एक पंचविशीतला तरुण चुळबुळ करत होता. शेवटी माझ्याकडे वाकून कुजबुजला, "काका, तुम्ही 'कच्ची वही' ऐकलीय का? त्यात काय गिटार होती यार! ती काढून हे काय लावलंय यांनी?"

"ती गिटार मीच वाजवली होती," मी म्हणालो. "आता गप्प बस आणि ऐक."